अकराव्या बशीतलं पान

मोठं व्हायचंच नाही असं ठरवून बसलेली एक वनस्पती आंबेघळच्या कपारीत राहत होती, आणि तिला मोठं करायचंच असं ठरवून बसलेली एक बाई तिथून चाळीस पावलांवर राहत होती. दोघींत जास्त हट्टी कोण, हे सांगणं कठीण होतं.

बाईचं नाव वैजयंती तळवणेकर, वय एकसष्ट. सिंधुदुर्गातल्या आंबेघळ घाटात नेच्यांवर काम करणारं एक छोटं संशोधन केंद्र होतं. तिथे ती एकतीस वर्षं होती आणि गेली पाच वर्षं एकटीच होती. बाकीची मंडळी एकेक करून सावंतवाडीच्या नव्या इमारतीत गेली. "मॅडम, तुम्हीही चला," असं प्रत्येकाने जाताना म्हटलं. ती "बघू" म्हणाली. तिचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे सगळ्यांना पाठ झालेलं असल्यामुळे कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. सकाळी गावातून आनंदी यायची, भाकरी-भाजी करून, झाडलोट करून अकराला जायची. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माणसाचा आवाज नाही.

नेचा, म्हणजे फर्न, सगळ्यांनी पाहिलेला असतो. विहिरीच्या काठावर, जुन्या भिंतीच्या सांध्यात, हार-गुच्छांत. त्याचं लहानपण मात्र कुणी पाहत नाही. नेच्याच्या पानामागे तपकिरी भुकटी असते. तिच्यातला एक कण ओल्या जागी पडला की त्यातून लगेच नेचा उगवत नाही. आधी नखाएवढा, बदामाच्या आकाराचा, कागदाहून पातळ हिरवा पापुद्रा येतो. नर-मादीचं जे काही जुळायचं ते त्या पापुद्र्यावर जुळतं, आणि मग त्याच्या पोटातून खरा नेचा मान वर काढतो. पापुद्रा आपलं काम झालं म्हणून वाळून जातो.

आंबेघळच्या कपारीतला पापुद्रा मात्र पापुद्राच राहिला होता. त्याच्या काठावरून बारीक कण तुटायचे, शेजारी रुजायचे आणि पुन्हा पापुद्रेच व्हायचे. डीएनएवरून बांधलेला अंदाज असा, की निदान दोन लाख वर्षं हे असंच चाललं होतं. एवढ्या काळात त्याला एकही पान फुटलं नव्हतं. जगात दुसरीकडे तो कुठे सापडलाही नव्हता. गावातली माणसं त्याला 'म्हातारं पोर' म्हणायची.

तो का अडकला होता, हे वैजयंतीच्या मुलीने शोधून काढलं होतं. झाडाच्या वाढीच्या टोकाशी थोड्या मूलपेशी असतात. पान व्हायचं, देठ व्हायचं की नुसतंच वाढत राहायचं, हे त्यांचं अजून ठरलेलं नसतं. ते ठरवतात शेजारच्या पेशींकडून येणारे निरोप. निरोप म्हणजे पेप्टाइड. बारा-तेरा अमिनो आम्लांची इवलीशी माळ, बारा अक्षरांचा शब्द म्हणा हवं तर. फुलझाडांत हा शब्द मूलपेशींना 'पुरे' म्हणतो. तो पोचला नाही तर झाडाचं टोक गाठीसारखं फुगत जातं. नेचे फुलझाडांपेक्षा फार जुने. त्यांच्यात तेच निरोप लहानपणी एक सांगतात आणि मोठेपणी दुसरं. म्हाताऱ्या पोराच्या डीएनएत यातला एक निरोप कधीतरी मोडला होता. पोटात गर्भ धरायचा, त्याच्या मूलपेशी 'आता काय करू' म्हणून वाट बघायच्या, आणि उत्तर न आल्यामुळे दोन दिवसांत मरून जायच्या. एवढंच त्याचं दुखणं होतं.

आता मोडलेला शब्द पुन्हा लिहिता येत होता. इडलीपात्राएवढं एक यंत्र निघालं होतं. अक्षरं द्यायची, सकाळपर्यंत निरोप तयार. त्याचं कंपनीने ठेवलेलं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही, सगळे त्याला 'निरोप्या' म्हणायचे. नाशिकचे बागाईतदार त्यावर द्राक्षाच्या घडांना 'पुरे' लिहायचे, जळगावात केळीच्या कोंबांना 'अजून' लिहायचे. एखाद्या वनस्पतीला तिचा दोन लाख वर्षांपूर्वी हरवलेला शब्द परत द्यावा, हे वेड मात्र त्या मायलेकींचंच होतं. लेक गौतमी जर्मनीतल्या एका संस्थेत होती. चाळीस जिवंत नेच्यांचे निरोप शेजारीशेजारी मांडून, त्यांच्या सामाईक पूर्वजाचा शब्द काय असेल हे तिने मागे मागे जात ताडलं होतं. तीन अक्षरांबद्दल खात्री नव्हती, म्हणून एकूण चौदा शब्द निघाले. ती अक्षरं पाठवायची. वैजयंती निरोप तयार करून एकेका बशीतल्या पापुद्र्यांवर घालायची आणि तीन महिने डोळ्यांत तेल घालून बघत बसायची.

पहिल्या दहा बशांत काही झालं नाही. फेब्रुवारीत अकराव्या बशीतले पापुद्रे एकेक करून काळे पडले आणि मेले. मधल्या एका पापुद्र्यातून मात्र चिमुकलं, पंख्यासारखं हिरवं पान वर आलं.

वैजयंतीने ते सकाळी सात वाजता पाहिलं. ती खुर्चीवर बसली, उठली, पुन्हा बसली. मग चहा टाकला आणि साखर घालायला विसरली. जर्मनीत अजून पहाट व्हायची होती, पण तिने फोन लावला. पलीकडून झोपेतला आवाज आला.

"आई? काय झालं? बरी आहेस ना?"

"पान आलंय," वैजयंती म्हणाली.

त्या दिवसापासून गौतमी रोज फोन करू लागली. आधी पानाबद्दल, मग पानाच्या निमित्ताने बाकी सगळ्याबद्दल. तिकडे मेथी मिळत नाही, घरमालकीण खडूस आहे, शेजारच्या प्रयोगशाळेतला एक तुर्की मुलगा सारखा चहाला बोलावतो. वैजयंती 'हं, हं' करत ऐकायची. रोज दुपारी दोनला फोन यायचा आणि ती दीडपासूनच खिडकीशी जाऊन बसायची, कारण केंद्रात नेटवर्क फक्त त्या एका खिडकीत होतं. इतकी वर्षं एकटेपणाचं आपल्याला काही वाटत नाही असं ती सगळ्यांना सांगत आली होती. फोन सुरू झाल्यावर तिला कळलं, की वाटत होतं. भयंकर वाटत होतं.

आणि म्हणूनच, जिथे तिने हटकायला हवं होतं तिथे ती गप्प बसली. पानाचा डीएनए वाचून घेतल्याशिवाय कुणाला काही सांगायचं नाही, हा तिचाच एकतीस वर्षांचा नियम. पण पान एवढंसं, तोडलं तर रोप दगावेल. "सहा पानं होऊ देत, मग एक तोडू," असं गौतमी म्हणाली, तेही रास्तच होतं. मात्र तिसऱ्या पानाला गौतमीने संस्थेत व्याख्यान दिलं. चौथ्याला बातमी छापून आली. पाचव्या पानाला संस्थेने तिला स्वतःचा गट आणि कायमची जागा द्यायचं जवळजवळ ठरवलं. समितीची एक बैठक तेवढी राहिली. आणि दोन जूनला, पाऊस लागायच्या आत, कपारीतल्या निम्म्या पापुद्र्यांवर अकरावा निरोप फवारायचा असं दोघींनी मिळून ठरवलं. तो निरोप पापुद्र्यांना मारतो हे दिसतच होतं. पण मरताना त्यांतून नेचा उभा राहतो, असा त्यांचा समज होता.

एकोणीस मेच्या सकाळी आनंदी केर काढत टेबलापर्यंत आली. कुंडीत लावलेल्या त्या रोपाला आता सहा पानं होती, सहावं चांगलं वीतभर लांब. ती केरसुणी टेकवून उभी राहिली.

"बाई, गडग्यावरलां ह्यां रान कुंडयेत कित्याक लावलात? भायर भरलेलां आसा."

"आनंदी, ते रान नाही," वैजयंती हसून म्हणाली. "त्याला हात लावू नकोस हं."

"माका काय करूचां आसा? मी आपलां सांगलंय. दर वर्षा मीच तां खरडून काढतंय." आणि ती केर घेऊन बाहेर गेली.

वैजयंती कुंडीकडे बघत राहिली. नेच्यांची पहिली चार-पाच पानं एकमेकांसारखीच दिसतात. कुठल्याही जातीची असोत, लहानपणी तोंडवळा एकच. खरं रूप सहाव्या-सातव्या पानाला कळतं. सहावं पान तीन दिवसांपूर्वी उलगडलं होतं, आणि तीन दिवस ती त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होती. लांब अरुंद पर्णिका, देठाशी फिकट खवले. केंद्राच्या मागच्या गडग्यावर, म्हणजे त्या दगडी बांधावर, दगड दिसू नये इतका माजलेला नेचा. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ती हाच नेचा ओळखायला शिकवायची.

नेच्यांवर काम करणाऱ्यांना एकच भीती असते. वाघ नाही, विंचू नाही, उडता कण. भुकटीचा एक कण हवेतून येऊन उघड्या बशीत पडला की झालं. त्याचाही पापुद्राच होतो, तसाच हिरवा, तसाच बदामी. शेजाऱ्यांत मिसळून जातो आणि ओळखू येत नाही. म्हणून बशीचं झाकण सहसा उघडायचं नाही, उघडलंच तर काचेच्या बंद पेटीत. आणि नोंदवहीत तीन गोष्टी लिहायच्या: कुणी उघडलं, कधी उघडलं, कुणाच्या सांगण्यावरून उघडलं. ही रीत तिनेच इथे घालून दिली होती. अकराव्या बशीसमोर झाकण उघडल्याची एकही नोंद नव्हती.

पण ते उघडलं होतं. आठवायला तिला वेळ लागला नाही. चार डिसेंबर. तोपर्यंत मायलेकींचं जे काही चाले ते मेलवर आणि नुसत्या आवाजावर. त्या दिवशी गौतमीने पहिल्यांदा कॅमेरा सुरू केला. मुलीचा चेहरा वैजयंती कित्येक वर्षांनी बघत होती. केस कापलेले, डोळ्यांवर चष्मा, हनुवटी थेट बापासारखी. तो बापही गौतमी चार वर्षांची असताना गेलेला. "बशी दाखव ना," गौतमी म्हणाली. वैजयंती बशी घेऊन खिडकीत आली. "झाकण काढ गं, नुसतं चमकतंय, काही दिसत नाही." आणि वैजयंतीने, जिने झाकणावरून चांगल्या चांगल्या मुलांना रडवलं होतं, तिने झाकण काढलं. खिडकी उघडी होती. खिडकीखाली गडगा होता. आणि डिसेंबर म्हणजे गडग्यावरच्या नेच्याची भुकटी उडायचे दिवस. किती वेळ? चारेक मिनिटं. नोंद करायची ती साफ विसरली, कारण फोन ठेवल्यावर ती बराच वेळ रडत होती.

दोन वाजता फोन आला. वैजयंतीने आवाज सरळ ठेवला.

"आई, आज पान तोडून वाचायला टाक ना," गौतमी म्हणाली. "सोमवारी समिती आहे. अक्षरं हातात असली की झालं. म्हणजे तसं सगळं ठरल्यातच जमा आहे."

"टाकते."

"आणि एक सांगू? दिवाळीला मी घरी येतेय. तिकीट काढलंय."

"बरं," वैजयंती म्हणाली. "ये."

फोन ठेवून तिने डीएनए वाचायचं यंत्र सुरू केलं. चिमटीभर हिरवं घालायचं, चाळीस मिनिटांत जात कोणती ते कळतं. समोर कुंडी होती, आणि कुंडीशेजारी तिसरी बशी, कपारीतल्या जिवंत पापुद्र्यांची. एकाच पापुद्र्याने स्वतःशीच जुळवून घेतलं तर त्यातून येणाऱ्या नेच्याची अक्षरं त्या पापुद्र्यासारखीच असतात, काडीचाही फरक नसतो. म्हणजे पानाऐवजी पापुद्र्याचा तुकडा घातला, तर यंत्र हवं तेच उत्तर देणार होतं. कुणाला कळणार नव्हतं. निदान दिवाळीपर्यंत तरी नाहीच.

तिने पापुद्र्याचा तुकडा चिमट्यात धरलासुद्धा.

इथे नऊ वर्षांपूर्वीचं सांगायला हवं. गौतमी तेव्हा याच केंद्रात, आईच्याच हाताखाली एम.एस्सी. करत होती. वीस बशांतले पापुद्रे रोज मोजायचे असं काम. मध्ये पंधरा दिवस ती मित्रमैत्रिणींबरोबर गोव्याला गेली आणि परत आल्यावर ते आकडे तिने मनाने भरले. बुरशी लागली म्हणून त्यांतल्या चार बशा वैजयंतीने त्याच पंधरवड्यात फेकून दिल्या होत्या, हे तिला ठाऊक नव्हतं. नसलेल्या बशांतले पापुद्रे तिने रोज मोजले होते. वैजयंतीला ते संध्याकाळी दिसलं. त्या संध्याकाळी दोघी एकत्र जेवल्या. वरणभात, भाजलेला पापड. वैजयंतीने मुलीच्या भातावर तूप वाढलं आणि अवाक्षर काढलं नाही. सकाळी उठून तिने संचालकांना पत्र दिलं. गौतमीला ते संचालकांच्या खोलीत बोलावून सांगण्यात आलं. तिचं वर्ष गेलं, ती बॅग भरून निघून गेली आणि सहा वर्षं बोलली नाही. म्हाताऱ्या पोराच्या डीएनएची अक्षरं कुणीतरी इंटरनेटवर टाकली, ती गौतमीच्या हाती लागली, तेव्हा कुठे 'यातला एक निरोप मोडलाय असं वाटतं' अशी एका ओळीची मेल आली होती.

वैजयंती चिमटा धरून बसली. आपण बरोबरच केलं होतं, असं ती नऊ वर्षं स्वतःला सांगत आली होती. आणि बरोबर वागण्याची फळं म्हणून तिला हे रिकामं केंद्र मिळालं होतं, आणि भाकरी दुरडीत झाकून जाणारी आनंदी. एकदा, फक्त एकदा चुकीचं वागायला काय हरकत होती? एकसष्ट वर्षांच्या बाईला मुलगी नको का?

पण दोन जून समोर होता. अकरावा निरोप पापुद्र्यांना नुसताच मारत होता, त्यांतून काहीही उभं राहत नव्हतं, हे आता फक्त तिला माहीत होतं. कपारीतले निम्मे पापुद्रे ती स्वतःच्या हाताने फवारून मारणार होती. आणि गौतमी त्या खोट्या पानावर सगळं आयुष्य मांडणार होती. कधीतरी कुणीतरी प्रयोग पुन्हा करून बघणारच. तेव्हा ती चाळिशीची असेल, आणि सांगायला आई नसेल.

तिने पापुद्रा बशीत परत ठेवला आणि पान तोडलं. चाळीस मिनिटांनी उत्तर आलं. तिने पुन्हा एकदा वाचायला घातलं, तेव्हाही तेच आलं. मग तिने फोन लावला.

"आली अक्षरं?" गौतमीने पहिल्याच घंटेला उचलला होता.

"गौतमी, बसली आहेस का?"

"काय झालं?"

"ते आपलं नाही. गडग्यावरचा नेचा आहे. कण पडलाय बशीत."

पलीकडे कुठेतरी दार आपटल्याचा आवाज आला.

"पुन्हा वाच."

"दोनदा वाचलं."

"आई, मी सगळ्यांना सांगून बसलेय. सोमवारी समिती आहे."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे!" गौतमी हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "तुला सगळं ठाऊक असतं. मग कुणाला कळवलंस आत्तापर्यंत? सावंतवाडीला? संचालकांना? माझ्या इथे पत्र गेलं की जायचंय अजून?"

"कुणालाच नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतेय."

वैजयंतीने फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"तेव्हाही मलाच सांगायचं होतंस," गौतमी म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "मी आदळआपट केली असती. रडले असते. पण मग मी स्वतः गेले असते ना सरांकडे. तू मला जाऊच दिलं नाहीस. माझ्या भातावर तूप वाढलंस आणि काही बोलली नाहीस."

याच बोलण्यासाठी वैजयंतीने नऊ वर्षांत कितीतरी उत्तरं तयार करून ठेवली होती. एकाहून एक मुद्देसूद. त्यातलं एकही तिने काढलं नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

गौतमीने नाक ओढल्याचा आवाज आला. "कधी पडला असेल कण?"

"चार डिसेंबरला. खिडकीत."

"चार डिसेंबर," गौतमी म्हणाली. "म्हणजे त्या दिवशी..."

"ते सोड आता."

"मला जरा विचार करू दे. ठेवते."

दुसऱ्या दिवशी दोनला फोन आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आंबे पिकायला लागले होते. आनंदीने टोपलीभर आणून ठेवले. वैजयंतीने दोन खाल्ले, बाकीचे सडले. तिसऱ्या दिवशी ती नोंदवही घेऊन बसली. जिच्या हातून चूक झाली तिने लेखी निवेदन द्यायचं, ही रीतही तिनेच पाडलेली. अकरावी बशी, चार डिसेंबर, दुपारी दोन ते दोन वाजून चार मिनिटं, उघड्या खिडकीत. कुणी उघडली: वै. तळवणेकर. आणि मग तो तिसरा रकाना, कुणाच्या सांगण्यावरून.

तिने पेन खाली ठेवलं. सुरू असलेल्या प्रयोगाचं झाकण काढायला सांगणं ही लहान चूक नव्हे. समितीला हे कळलं तर एकट्या आईचा निष्काळजीपणा असं म्हणता येणार नव्हतं. आणि आईनेच घोळ घातला, मुलीला त्यातलं काही माहीत नव्हतं, असं असेल तर? तर गौतमी फसवली गेलेली ठरेल. चूक वेळेवर, स्वतःहून जाहीर करणारी ठरेल. जागा मिळेलही कदाचित.

एकतीस वर्षांत वैजयंतीने नोंदवहीत एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. तिने लिहिलं: 'स्वतःच्या मनाने. गौतमीस याची कल्पना नव्हती.' लिहून झाल्यावर तिला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. मूल आजारी असताना त्याच्या उशाशी बसल्यावर वाटतं, तसं. तिने नोंदवहीतल्या त्या निवेदनाचा फोटो काढून गौतमीला पाठवला. खाली लिहिलं, 'दावा मागे घ्यायचं पत्र लिहिशील, त्याला हे जोड.'

उत्तर आलं नाही.

दोन जून येऊन गेला. कपारीत कुणी काही फवारलं नाही. वैजयंती संध्याकाळी जाऊन बघून आली. म्हातारं पोर होतं तसंच होतं, पाण्याने चमकत, कुणाशी देणंघेणं नसल्यासारखं.

पाच जूनला गौतमीचं जाहीर पत्र तिच्या संस्थेच्या संकेतस्थळावर आलं. सावंतवाडीच्या संचालकांनी ते पाठवलं आणि वर लिहिलं, 'मॅडम, वाचलंत का?' वैजयंती खिडकीशी उभी राहून वाचू लागली. पत्र आखीव होतं. पान आंबेघळच्या पापुद्र्याचं नाही. अकराव्या निरोपाचा दावा मागे घेत आहोत. चूक कशी झाली, याचं निवेदन सोबत जोडलं आहे. आणि सगळ्यात शेवटी एक परिच्छेद होता.

'निवेदनातला तिसरा रकाना खरा नाही. बशीचं झाकण मी उघडायला सांगितलं होतं. माझी आई हे माझ्यासाठी खोटं लिहिते आहे. ती असं करणारी बाई नाही, म्हणून ते मी दुरुस्त करत आहे.'

त्याखाली संचालकांचा आणखी एक निरोप होता. गौतमीची जागा दुसऱ्या कुणाला दिली म्हणे. तिने हा शेवटचा परिच्छेद काढावा म्हणून तिकडच्या लोकांनी तिला दोनदा सुचवलं होतं. तिने ऐकलं नाही.

वैजयंतीचा आधी ऊर भरून आला. पोर आपल्यावर गेली, असं तिला वाटलं. आणि पुढच्याच क्षणी त्याच गोष्टीची तिला भीती वाटली. पोर आपल्यावर गेली होती. त्या परक्या गावात, खडूस म्हातारीच्या भाड्याच्या खोलीत, आज ती खरं बोलून बसली असणार. खरं बोलून झाल्यावर घर किती गप्प होतं, जेवण कसं तोंडात फिरत राहतं, आणि आपण बरोबरच केलं हे स्वतःला किती वेळा सांगावं लागतं, हे वैजयंतीइतकं कुणाला ठाऊक होतं? नऊ वर्षांपूर्वी बॅग भरून गेलेल्या मुलीला तिने एकदा फोन केला होता. उचलला गेला नाही, म्हणून दुसऱ्यांदा केला नव्हता. तिला नको असेल तर नको, असं म्हणून ती बशांकडे वळली होती.

तिने फोन लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली आणि बंद झाली.

तिने खुर्ची ओढून खिडकीशी घेतली, बसली आणि पुन्हा लावला. घंटा वाजली, बंद झाली. तिने पुन्हा लावला.